मोत्यांचं पाणी

बाईंनी कपाटाचं कुलूप काढून तिसरा खण ओढला, मखमलीवरचा मोत्यांचा सर उचलला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. सर गरम होता.

खोलीत ऊन नव्हतं. खिडकीला जाड पडदा होता आणि तो सरकवायची घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. ही ऊब वेगळी होती, नुकत्याच काढलेल्या पायमोज्याला असते तशी. एरवी बाई पांढरे सुती हातमोजे चढवल्याशिवाय या कपाटाला हात लावत नसत. आज घाई होती. संग्राहक मंडळाची बैठक लवकर आटोपली होती, प्रदर्शनातल्या पाटीसाठी चिटणीसबाईंना सराची लांबी हवी होती, म्हणून बाई पायातल्या चपलाही न काढता सरळ खोलीत शिरल्या होत्या. शिरताना दारातच सून समोर आली होती. ती खोलीतून बाहेर पडत होती.

बाईंनी सर मुठीत धरला आणि त्या बाहेर आल्या.

सून जेवणाच्या टेबलाशी उभी राहून ग्लासात पाणी ओतत होती. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत अप्पा, म्हणजे बाईंचे यजमान, वर्तमानपत्र उघडून बसले होते. एवढ्या उकाड्यातही त्यांच्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती, आणि त्यात एक चुकलं होतं, त्यामुळे कॉलरची एक बाजू वर आणि एक खाली झाली होती.

“हा कोणी घातला होता?”

ग्लास भरला तरी सून ओतत राहिली. पाणी टेबलावर आलं.

“मी भिंतींशी बोलत नाहीये. मी जिना चढत होते तोवर हा कोणाच्या तरी गळ्यात होता. कोणाच्या?”

वर्तमानपत्र किंचित हललं. सुनेने एकदा त्या दिशेला पाहिलं, मग बाईंकडे.

“माझ्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“आवडला म्हणून.”

“आवडला म्हणून! आणि विचारायची पद्धत?”

“विचारलं असतं तर दिला असता तुम्ही?”

“नसता दिला.”

“मग झालं तर.”

सून फडकं घेऊन शांतपणे टेबल पुसत होती, आणि बाईंना तिचा तो शांतपणाच जास्त झोंबत होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती अशीच होती. उलट बोलायची, पण आवाज चढवायची नाही. मग चढलेला आवाज तेवढा बाईंचा ऐकू जायचा आणि शेजारीपाजारी बाईंनाच भांडकुदळ समजायचे.

“किल्ली कुठून मिळाली तुला?”

इथे मात्र सून अडखळली. “घरातच असते की किल्ली.”

“माझ्या पर्समध्ये असते. आणि पर्स माझ्या खांद्यावर होती.”

“मिळाली. आता सगळं सांगत बसू का?”

“काही सांगू नकोस. रविवारी त्याचा फोन येईल, तेव्हा मीच सांगते. तुझी बायको माझ्या पाठीमागे माझी कपाटं उघडते म्हणून. आणि तोपर्यंत तू तुझी सोय बघ. कुलपं फोडणाऱ्या माणसाबरोबर एका छपराखाली राहायची मला सवय नाही.”

मुलगा जहाजावर नोकरीला होता. महिनोन्‌महिने तो घराबाहेर असे, आणि त्याच्या पाठीमागे या दोघी एकमेकींच्या वाट्याला येत.

“अहो, तुम्ही काही बोलणार आहात का?” बाईंनी नवऱ्याला विचारलं.

अप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. “जाऊ दे ना,” ते पानामागून म्हणाले.

“जाऊ दे! तुमचं सगळं आयुष्य जाऊ दे म्हणण्यात गेलं.”

सुनेने फडकं पिळलं, दांडीवर टाकलं आणि ती आपल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने आतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला.

खरं तर दोघींना वेड एकच होतं, आणि पटत नव्हतं ते त्यामुळेच. बाई जुने दागिने जमवायच्या. त्यांच्याकडे मुलामा उडालेली पदकं होती, केसांत खोवायचे चांदीचे आकडे होते, आत कोणा अनोळखी माणसाचा फोटो असलेली लॉकेटं होती. अप्पा निवृत्त होईपर्यंत फर्निचर बनवायचे. त्यांनी बायकोसाठी उथळ खणांचं कपाट स्वतःच्या हाताने बनवून दिलं होतं, आणि त्यात एकेक दागिना मखमलीवर, शेजारी छापील चिठ्ठीसह झोपवलेला होता. अंगावर घालणं बाईंच्या शास्त्रात बसत नव्हतं. विकायला आलेल्या माणसाला त्या आधी विचारायच्या, “वापरातला आहे का?” एखादा रोग विचारावा तसं विचारायच्या. वापरातला म्हणजे घामाने खाल्लेला, झिजलेला, वाया गेलेला.

सुनेला मात्र जुनं काही सापडलं की ते त्याच दिवशी अंगावर लागायचं. जुन्या बाजारातून आणलेली पितळेची पिन ती ऑफिसच्या पिशवीला लावायची, कोणाच्या तरी पणजीचं कंकण घालून भांडी घासायची. एकदा तर तिने चांदीचं जुनं लॉकेट दात घासायच्या पेस्टने घासून लख्ख केलं आणि कौतुकाने बाईंना दाखवायला आणलं. त्याच्या नक्षीतला वर्षानुवर्षांचा काळा रंग पार निघून गेला होता. बाई मटकन खुर्चीत बसल्या. “खून केलास तू याचा,” त्या म्हणाल्या होत्या. त्यावर सून म्हणाली होती, “निदान हे घराबाहेर तरी पडतं. तुमच्या कपाटात सगळी प्रेतं ठेवलीत.” त्यानंतर दोघी आठवडाभर बोलल्या नव्हत्या, आणि घरात फार शांतता होती असं अप्पांनी नंतर कोणाला तरी सांगितल्याचं बाईंच्या कानावर आलं होतं.

संध्याकाळी बाईंनी खोलीचं दार लावून घेतलं, दिवा खाली ओढला आणि भिंग काढलं. सुनेने काय नासधूस करून ठेवली आहे ते पाहायचं होतं.

हा सर म्हणजे संग्रहाचा मुकुटमणी. मंडळातल्या कितीतरी जणींकडे घरचे जुने मोती होते, पण बहुतेकांचे पिवळे पडले होते, काहींचे तर खडूसारखे झाले होते. बाईंच्या सराचं पाणी मात्र अजून जिवंत होतं. दिव्याखाली धरला की मोत्यांच्या आत काहीतरी हललं असं वाटायचं. “कसा हो जपलात?” असं लोक विचारत, आणि बाई तब्येतीत सांगत. हात लावायचा नाही, अंगाला लावायचा नाही, उजेड नको, वारा नको. शनिवारच्या प्रदर्शनात त्यांचं भाषणच होतं, मोती कसे जपावेत यावर. पाटीचा मजकूरही ठरला होता. अव्वल पाण्याचा सर, पिढ्यान्‌पिढ्या जपलेला, वापरात नसलेला.

पुढचे मोती त्यांनी एकेक करून पाहिले. ओरखडा नव्हता. मग सर उलटा केला. मागच्या बाजूला पाहायची आजवर कधी गरजच पडली नव्हती. दाखवताना पुढची बाजू वर यायची आणि आकडा मखमलीच्या घडीत लपलेला असायचा.

मानेवर येणारे मोती किंचित चपटे झाले होते. भिंग जवळ नेल्यावर दिसलं की त्यांच्यावरचा थर अगदी तलम झिजला होता. दोन मोत्यांमधल्या गाठी बाईंनी स्वतः मारल्या होत्या, सासूबाई गेल्या त्या वर्षी, पांढऱ्या रेशमाने. पुढचं रेशीम पांढरं होतं. मागचं करडं झालं होतं, शर्टाच्या कॉलरची आतली बाजू होते तसं.

एका दिवसाचं हे काम नव्हे. दोन वर्षांचंही नव्हे, आणि सुनेला या घरात येऊन दोनच वर्षं झाली होती.

बाईंनी आकड्याला बोट लावलं. आकड्याच्या टोकाला एक फासा शिवलेला होता, दोरा दुहेरी करून, बोटाएवढा लांब. ज्याच्या गळ्याला हा सर पुरत नव्हता, त्याने तो पुरता करून घेतला होता. सुनेचा गळा एवढासा. तिला दोन बोटं उरला असता. दोरा जाडजूड होता, मेण लावलेला, आरामखुर्चीची गादी ज्याने शिवली होती तोच. आणि गाठ दोनदा फिरवून मारलेली होती. आपल्या शर्टांची बटणं स्वतःच लावणारा एकच माणूस या घरात अशी गाठ मारत असे. बटण एकदा लावलं की शर्ट फाटला तरी ते निघायचं नाही.

कपाटही त्याच माणसाने बनवलं होतं. आणि कुठल्याही कुलपाबरोबर किल्ल्या दोन येतात.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. त्यांना प्रथम हसू आलं. मग गळ्यापर्यंत लावलेली बटणं त्यांना आठवली. कित्येक वर्षं त्यांनी त्या बटणांवरून नवऱ्याची टर उडवली होती, चारचौघांत, मंडळातल्या बायकांसमोर. “आमच्या ह्यांना उन्हाळ्यातही थंडी वाजते.” दुपारी बाई बाहेर पडल्या की अप्पा आरामखुर्चीत डुलकी काढतात हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

सर अप्पांच्या आईचा होता. ती बाई तो घालूनच झोपायची, घालूनच केर काढायची. घालायचं थांबलं की मोती मरतात, असं तिचं म्हणणं होतं, आणि बाईंनी ते म्हातारीचं खुळ म्हणून सोडून दिलं होतं. ती गेल्यावर सर बाईंकडे आला. बाईंनी तो नव्याने गाठवून खणात ठेवला, तेव्हा अप्पा दारात उभे होते.

“घाल ना,” ते म्हणाले होते. “आईच्या गळ्यात असायचा. तुझ्या गळ्यात बघू दे.”

“हा घालायचा नाही. ठेवायचा आहे,” बाई म्हणाल्या होत्या आणि त्यांनी खण लावून घेतला होता. त्यानंतर अप्पांनी पुन्हा काही म्हटलं नव्हतं.

आणि लोक विचारत होते, कसा हो जपलात!

बाईंना संताप आला. संताप नवऱ्याचा होता, सुनेचा होता, मेलेल्या सासूचाही होता. इतकी वर्षं ज्या पाण्याचं श्रेय त्यांनी मिरवलं, ते पाणी एका फर्निचरवाल्याच्या घामाचं होतं. शनिवारी व्यासपीठावर उभं राहून त्या काय सांगणार होत्या?

जेवणाला तिघं बसली. सुनेची बॅग दाराशी भरून ठेवली होती. कोणी बॅगेकडे बघत नव्हतं. अप्पांनी बटणं नीट लावून घेतली होती, पुन्हा गळ्यापर्यंत.

बाईंनी ताट वाढून घेतलं नाही. त्यांनी सर टेबलाच्या मधोमध ठेवला, उलटा, मेणाच्या दोऱ्याचा फासा वर करून.

अप्पांचा घास हातातच राहिला.

“सुनेवर चोरीचा आळ येत होता,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही पेपर वाचत होतात.”

“वाचत नव्हतो,” अप्पा म्हणाले.

“लाज नाही वाटली?”

“वाटली.”

“मग तोंड शिवलं होतं का तुमचं?”

अप्पांनी घास ताटात ठेवला. “तू हसली असतीस,” ते म्हणाले. “आणि मग मंडळात सांगितलं असतंस.”

सांगितलं असतं. रंगवून सांगितलं असतं, चहा पिता पिता, आणि बायका पोट धरधरून हसल्या असत्या. हे बाईंना ठाऊक होतं आणि समोरच्या दोघांनाही ठाऊक होतं.

“आईचा आहे गं तो,” अप्पा म्हणाले. “खणात असताना गार पडायचा. दगडासारखा गार. मला बघवेना.”

बाई सुनेकडे वळल्या. नवऱ्याकडे पाहण्यापेक्षा ते सोपं होतं.

“आणि तू? तुला कधीपासून माहीत होतं?”

“गेल्या वर्षीपासून. ऑफिसातून लवकर आले होते एकदा.”

“मग स्वतःवर का घेतलंस?”

“तुम्ही तसंही मला चोरच समजता,” सून म्हणाली. “त्यात आणखी एक आळ काय जड होता?”

“वा! फार मोठं मन.”

“मन वगैरे काही नाही. तुमची पावलं जिन्यात वाजली आणि घाईत अप्पांना सर काढता येईना. आकडा निघेना. मी काढला, नेऊन ठेवला. तुमच्यासाठी नाही केलं मी ते.”

“ते दिसतंच आहे.”

खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करत होतं आणि ती होत नव्हती. बाई उठल्या. आपल्या खोलीत गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात पांढऱ्या रेशमाचं रीळ होतं आणि दुसऱ्या हातात कात्री. येताना दाराशी असलेल्या बॅगेला त्यांनी पायाने ढकललं.

“ही आत ने,” त्या सुनेला म्हणाल्या. “येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येते.”

सून हलली नाही. “रविवारी फोनवर काय सांगणार आहात?”

“तू दात घासायच्या पेस्टने चांदी घासतेस, ते सांगणार आहे. ते मी विसरलेले नाही.”

सुनेने खुर्ची मागे सरकवली. बॅग उचलली, पण ती खोलीकडे न जाता तशीच उभी राहिली, कारण बाईंनी टेबलावरचा सर उचलून कात्री आत घातली होती. एका झटक्यात त्यांनी स्वतः मारलेली पहिली गाठ कापली. करडं रेशीम तुटलं. त्या एकेक गाठ कापत गेल्या तसे मोती टेबलावर पसरलेल्या त्यांच्या पांढऱ्या रुमालात टपटप पडले.

“अगं!” अप्पा अर्धे उठले.

“बसा खाली.”

“काय करतेस तू हे?”

“बसा म्हटलं ना.”

अप्पा बसले. बाई त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी रिळातला दोरा हातभर सोडवला. त्यांचा चेहरा अजून तसाच रागीट होता, आणि आवाजही.

“मान वर करा.”

अप्पांना कळेना. सुनेला कळलं, तिने बॅग हळूच खाली ठेवली. अप्पांनी हनुवटी वर केली. बाईंनी दोरा त्यांच्या गळ्याभोवती घेतला, पण मध्ये कॉलर आली.

“बटण,” बाई म्हणाल्या.

अप्पांचा हात वर गेला, तिथे घुटमळला. मग त्यांनी वरचं बटण काढलं. त्याखालचंही काढलं. त्यांच्या मानेवर मागच्या बाजूला कातडीत बारीक खळग्यांची एक ओळ उमटलेली होती. इतक्या वर्षांत बाईंनी ती पाहिली नव्हती.

दोऱ्याची टोकं बाईंनी मागे जुळवली. तेवढ्यात फोन वाजला. सुनेने तो उचलून ऐकला आणि न विचारता बाईंच्या कानाशी धरला, कारण बाईंचे दोन्ही हात गुंतले होते.

“हं, बोला चिटणीसबाई,” बाई म्हणाल्या. “लांबी ना? मोजतेच आहे.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाईंनी बोटाने दोऱ्यावर खूण धरली आणि नवऱ्याच्या मानेवरून ती खूण ढळू दिली नाही.

“नाही, तो सर नाही ठेवता येणार प्रदर्शनात,” त्या म्हणाल्या. “पाटी फाडून टाका. वापरातला आहे तो.”

सुनेने फोन बंद केला.

“हलू नका,” बाई अप्पांना म्हणाल्या. “माप चुकेल.”